डावा खांदा

“म्हणजे नुसत्या पांढऱ्या शर्टावर वेदीपुढे उभा राहिलो, तर चालेल का?”

फादर कायतान वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आदाम तर तेवढंही न घालता उभा होता,” ते म्हणाले. “पण त्याच्या लग्नाची पन्नाशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.”

मी हसलो. हसण्यासारखी माझी अवस्था नव्हती, तरी हसलो. फादरांसमोर शाळेपासून माझं हे असंच होत आलं आहे. ते आम्हाला भूमिती शिकवत. फळ्यावर एक रेघ मारून ते खडू खाली ठेवत आणि वर्गाकडे बघत राहत. त्या गप्प राहण्यातून जेवढी भूमिती मला कळली, तेवढी पुढे चाळीस वर्षं गणित शिकवूनही मी कुणाला देऊ शकलो असेन, असं वाटत नाही.

आता ते नव्वदीला आले आहेत. वसईत निवृत्त धर्मगुरूंसाठी एक घर आहे, त्याच्या पडवीत बसतात. स्वयंपाकघरातून भाजी मागून घेतात आणि निवडून देतात. त्या दिवशी मी गेलो तेव्हा मांडीवर परात होती, आणि माझ्या मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत कोट.

कोट अजून पुरा झालेला नव्हता. ट्रायलचा होता. जागोजाग पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके दिसत होते.

फादरांनी विचारलं नव्हतं, तरी मी सगळं सांगून टाकलं.

माझ्या आणि रेजिनाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आमच्याकडे अशा वेळी मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते. नवराबायको देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मोठ्या दारातून वेदीपर्यंत चालत जातात आणि लग्नातली वचनं पुन्हा बोलतात. पुरुषाने सूट घालायचा. तसा नियम नाही, पण आमच्या गावात सूट न घातलेला नवरा कुणी पाहिलेला नाही, मग तो पंचविशीचा असो की पंचाहत्तरीचा.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतरची तारीख ठरली होती. सूट बसला नाही, म्हणून मी ती पुढे ढकलली. मग पावसाळ्यानंतरची ठरली. तीही गेली.

मुलाने तयार सूट आणला होता. त्यात मी खुंटीला टांगल्यासारखा दिसत होतो. दुसरा आणला, त्यात पोट मावलं तर बाह्या बोटांपर्यंत आल्या. शेवटी पापडी गावातल्या रुझार टेलरकडे गेलो. बरोबर आमच्या लग्नाचा फोटो नेला. त्यातला कोट मला असा काही बसला आहे की बघत राहावं. मी फोटो पुढे ठेवला आणि म्हटलं, असा हवा.

रुझार म्हणाला, असा हवा तर असा माणूस घेऊन या.

तरी त्याने मापं घेतली. त्यानेच मला सांगितलं की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. मला हे माहीतच नव्हतं. घरी येऊन मी कोनमापक काढलं, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही खांद्यांचा उतार मोजला. त्याचं म्हणणं बरोबर निघालं. खांद्यांविषयी जे काही वाचायला मिळालं ते वाचलं. रुझारने पहिल्यांदा खांदा होता तसाच कापला होता. मी म्हटलं, असं चालणार नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. त्याने कुरकुरत डाव्या खांद्यात कापसाची गादी भरली. तर आता कॉलरखाली चुणी पडायला लागली. गादी वाढवली, चुणी वाढली. गादी कमी केली, तर चुणी सरकून पाठीवर गेली.

सर, तुम्ही दर वेळी वेगळेच उभे राहता, असं रुझार म्हणतो. सकाळी तर तो वैतागलाच. माझा आरसा आवडत नसेल तर कोट घरी न्या आणि तुमच्या आरशात बघा, म्हणाला.

मी घरी गेलो नाही. इथे आलो.

“रेजिना काय म्हणते?” फादरांनी विचारलं.

रेजिना काहीच म्हणत नाही. तिची साडी कधीची तयार आहे. दोन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून पडली, तेव्हापासून तिची कंबर नीट नाही. काठी घेत नाही. माझ्या डाव्या दंडाला धरते आणि चालते. बाजारात तशीच, देवळात तशीच, अंगणातही तशीच. अलीकडे पायांतलं बळ कमी होत चाललं आहे. नाताळनंतर चाकांची खुर्ची घ्यावी लागेल असं डॉक्टर म्हणाले, त्याला महिना होऊन गेला.

त्यावर मात्र ती एकच वाक्य बोलली होती. वेदीपर्यंत मी चालत जाणार. आजीला ढकलत नेली होती, असं नातवंडांनी सांगायचं नाही.

हे मी फादरांना सांगितलं. सांगताना माझं बोलणं मलाच ऐकू येत होतं.

फादरांनी एक शेंग उघडली. आत किडका दाणा होता. तो त्यांनी बाजूला ठेवला…

“मग नाताळच्या आत झाली पाहिजे,” ते म्हणाले.

“म्हणून तर शर्टाचं विचारलं, फादर.”

“शर्टाचा प्रश्न नाही तुझा.”

“मग?”

त्यांनी पुढची शेंग उचलली.

मला राहवेना. मी म्हणालो की लोकांचं मला काही नाही. पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघणार. पन्नास वर्षांपूर्वी त्याच जागी तिने एक माणूस पाहिला होता. आता तिथे कुणीतरी कललेला, चुण्या पडलेला म्हातारा उभा असेल. एकदा, एकच दिवस, तिला तो फोटोतला माणूस परत दिसावा. एवढंच.

“फोटो आहे?”

पाकिटातून काढून दिला. फादरांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

“छान बसलाय,” ते म्हणाले.

“तेच म्हणतो मी.”

“कुणाचा कोट हा?”

“जोकीमचा. बोटीवरच्या जोकीमचा.”

तेव्हा आमच्या आळीत सूट म्हणून एवढा एकच होता. जोकीम बोटीवर नोकरीला होता, तिकडूनच त्याने आणला होता. आळीतली निम्मी लग्नं त्या कोटात झाली.

“आणि जोकीम केवढा होता?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि जोकीम डोळ्यांपुढे आला.

जोकीम दारातून आत येताना वाकायचा. त्याच्या कोटात माझ्यासारखे दोघे मावले असते.

“वेदीमागच्या खोलीत तुझ्या पाठीवर टाचण्या मीच लावल्या होत्या,” फादर म्हणाले. “मुठीएवढा कापडाचा पुंजका झाला होता मागे. मी तुला म्हटलं होतं, काहीही कर, पण माणसांकडे पाठ करू नकोस.”

“आणि मी?”

“वेदीकडे तोंड करून उभा राहिलास. अख्ख्या देवळाने बघितल्या.”

मला खरंच आठवत नव्हतं. पन्नास वर्षं तो फोटो मी रोज पाहतो आणि टाचण्या मला आठवत नव्हत्या.

“रेजिनाने पाहिल्या?”

“तीच तर हसत होती. बघ ना.”

मी फोटो पाहिला. रेजिना हसत होती. ती लग्नाच्या आनंदात हसते आहे, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता मला काही नक्की सांगता येईना.

फादरांनी परात बाजूला ठेवली. झगा झटकला. त्यांचा तो पांढरा झगा खाली दोनदा दुमडून टाचलेला होता, बाह्याही दुमडलेल्या. तरी त्यात ते इतके नीट दिसत होते की दुमडी मला तेव्हाच प्रथम दिसली.

“फादर, हा तुमच्या मापाचा नाही.”

“फादर मिंगेलचा. ते गेले, उंची इथेच राहिली.” त्यांनी हात टेकून अंग पुढे घेतलं. “घाल बघू तो कोट.”

मी घातला. कच्चे टाके सांभाळत, हळूहळू. आरसा नव्हता, तरी मी छाती पुढे काढली आणि डावा खांदा वर ओढून धरला. ते आपोआपच होतं.

“चुणी आहे का?”

“आहे.”

“कुठे?”

“कॉलरखाली. आणि कपाळावर.”

तेवढ्यात बाराची घंटा झाली. घराच्या पलीकडच्या टोकाला छोटं प्रार्थनामंदिर आहे. बारा वाजता सगळे म्हातारे धर्मगुरू तिकडे जातात. कुणी काठी घेऊन, कुणी भिंत धरून. फादरांची काठी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

त्यांनी ती घेतली नाही. उठले आणि माझ्या डाव्या बाजूला आले. माझा दंड धरला.

“फादर, काठी…”

“चल.”

“फादर, टाके कच्चे आहेत.”

“माझेही,” ते म्हणाले. “चल.”

आम्ही निघालो. ते नव्वदीचे, तरी हाडापेराने भक्कम. दर पावलाला त्यांचा सगळा भार माझ्या दंडावर येई आणि सुटे. मी आधी खांदा वर धरून चालायचा प्रयत्न केला. चार पावलांतच तो दुखायला लागला. मग मी तो सोडला. सोडला म्हणजे काही ठरवून नाही. रोज अंगणात जसा चालतो, तसा चालायला लागलो. पाऊल लहान टाकायचं. तिचं पडलं की आपलं टाकायचं. उंबऱ्याशी थांबायचं, काही बोलायचं नाही…

मला पुढे हे जाणवलं की बराच वेळ मी फादरांबरोबर चालतच नव्हतो.

मंदिराच्या दाराशी एक पायरी आहे. ती चढताना फादरांचा पाय जरासा अडला आणि त्यांनी माझा दंड एकदम घट्ट ओढला.

खांद्यावर टरकन आवाज झाला.

टाके गेले होते. बाहीच्या वरची शिवण उघडली होती, आणि तिच्यातून कापसाची गादी हळूच बाहेर आली आणि पायरीवर पडली. पांढरी, चपटी, माझ्या तळहाताएवढी. पाठीमागून येणारे एक म्हातारे धर्मगुरू तिच्याकडे पाहून थांबले, मग वळसा घालून आत गेले.

फादरांनी दंड सोडला नाही.

दार काचेचं होतं. त्यात आम्ही दिसत होतो. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला धरून उभा. दोघेही एका बाजूला कललेले. माझ्या डाव्या खांद्यावर शिवण उसवलेली, आतलं अस्तर दिसतंय.

कॉलरखाली चुणी नव्हती.

मी बघत राहिलो. छातीवरचं कापड सपाट बसलं होतं. समोरच्या दोन्ही कडा सरळ खाली आल्या होत्या. डावी बाही मनगटाशी जिथे यायला हवी तिथे आली होती. इतक्या महिन्यांत एकदाही असा बसला नव्हता.

आतून प्रार्थना सुरू झाल्याचा आवाज आला. फादर हलले नाहीत. तेही काचेत पाहत होते, मला की स्वतःला कोण जाणे.

“येत्या रविवारी तुमच्या देवळात दुसऱ्या मिस्सेला मी आहे,” ते म्हणाले. “वेदीपाशी खुर्ची ठेवणारेत मला. तुमची वचनं बसूनच ऐकेन.”

रविवार. म्हणजे चार दिवस. माझ्या डोक्यात ताबडतोब सगळं सुरू झालं. रुझार शुक्रवारी दुकान बंद ठेवतो. लग्नसराईचे दिवस, त्याच्याकडे आधीच कामं पडलेली. शिवण पक्की व्हायला, अस्तर लागायला, इस्त्रीला, पुन्हा एक ट्रायल…

“फादर, पण हा खांदा उसवलाय.”

ते खाली वाकले. माझा दंड धरूनच वाकले, त्यामुळे मीही वाकलो. पायरीवरची ती कापसाची गादी त्यांनी उचलली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि माझ्या खिशात ठेवली. मग खिशावर दोनदा थोपटलं.

“रेजिनाला सांग,” ते म्हणाले, “उसवल्या बाजूनंच धर.”