तांदळाचे दिव्य

पूर्वी शूर्पारक नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता, आणि राज्यापेक्षा संशयच जास्त करीत होता. जेवणाच्या ताटापासून राणीच्या माहेरापर्यंत त्याला सगळीकडे दगाच दिसे. बोधिसत्त्व त्या जन्मी त्याचा अमात्य सुवीर होता.

एकदा गलबतातून थेओन नावाचा यवन, म्हणजे ग्रीक माणूस, उतरला. ना माल, ना सोबती. चव्हाट्यावर बसून तो भेटेल त्याला प्रश्न विचारी. सेनापती वज्रबाहूला त्याने विचारले, “शौर्य म्हणजे काय?”

“शत्रूपुढून न पळणे. एवढेही कळत नाही?”

“मग डाव साधण्यासाठी मागे हटणारा भित्रा का?”

लोक फिदीफिदी हसले. अपमान मुकाट गिळेल तो सेनापती कसला! तडक राजवाड्यात जाऊन तो म्हणाला, “महाराज, हा हेर आहे. आपली सेना कधी मागे हटते, ते काढून घेतोय.”

राजाच्या मनात पाल चुकचुकायला निमित्त लागतच नसे. त्याने यवनाला दिव्य करण्याची आज्ञा दिली. त्या नगराची रीतच होती ती. संशयिताने भर सभेत कोरडे तांदूळ चावून पिंपळपानावर थुंकायचे. ओले पडले तर सुटका, कोरडे पडले तर सूळ.

सुवीर यवनाला भेटायला कोठडीत गेला. यवन म्हणाला, “अमात्य, मरण वाईटच असते, हे मला कुठे ठाऊक आहे? म्हणून आत्मा शांत आहे. पण या देहाला कोण समजावणार? जीभ आत्ताच टाळूला चिकटली आहे.”

सुवीरने ओळखले, निरपराध माणूस हकनाक मरणार होता.

दुसऱ्या दिवशी सभेत तांदूळ आले. सुवीरने पुढे होऊन मूठ भरली. “आधी मी,” तो म्हणाला. त्याने चावले, थुंकले. सगळे कोरडे ठणठणीत.

“म्हणजे तूही फितूर!” राजा ओरडला.

“नाही महाराज. मला आपली भीती वाटते. तांदळाला भीती कळते, पाप कळत नाही. खोटे वाटत असेल तर आपणच चावून पाहा.”

सभा टक लावून पाहू लागली. नाही म्हणावे तर लोक काय म्हणतील? राजाने चावले. पानावर कोरडी भुकटी पडली.

राजाने ते पान उचलले. “मागच्या वर्षी तिघांना सुळी दिले मी,” तो पुटपुटला. “मी पापी आहे का रे?”

उत्तर यवनाने दिले. “जाणूनबुजून कोणी वाईट करीत नाही, महाराज. न्याय म्हणजे काय, हे ठाऊक होते आपल्याला?”

“ठाऊक आहे असे वाटत होते. आता काहीच ठाऊक नाही.”

“मग आता शिकता येईल.”

“त्या तिघांच्या घरांपासून सुरुवात करू,” सुवीर म्हणाला. राजा अनवाणीच उठला.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून भगवंतांनी भिक्खू तिष्याकडे पाहिले. सुई हरवली म्हणून त्याने सकाळीच एका नव्या परदेशी भिक्खूवर आळ घेतला होता. “तो राजा तू होतास, तिष्या. यवन म्हणजे हा नवा भिक्खू, आणि अमात्य मी. आपल्याला काय ठाऊक नाही हे जी ओळखते, ती प्रज्ञा.”

तिष्याने आपली झोळी उलटी केली. सुई तळाच्या शिवणीतच होती.