कुठे बसून वाचणार?

एका गावात नव्हे, चांगल्या गजबजलेल्या शहरात, एकदा एक वृद्ध ग्रंथपाल मुलाकडे राहायला आले. चाळीस वर्षे त्यांनी तालुक्याच्या गावातले वाचनालय सांभाळले होते. त्यांची एक रीत होती. कुणी पुस्तक मागायला आले की ते विषय विचारत नसत, लेखक विचारत नसत. आधी विचारत, "कुठे बसून वाचणार?" उत्तर ऐकून मग कपाटाकडे वळत. लोक याला म्हाताऱ्याची लहर म्हणत आणि दिलेले पुस्तक मात्र संपवूनच परत आणत.

त्याच वाचनालयात लहानाची मोठी झालेली, त्यांना गुरुजी म्हणणारी त्यांची एक शिष्या लग्न होऊन त्याच शहरात आली होती. लग्नाला पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत तिने एकही पुस्तक वाचले नव्हते. सासरी कामाचा डोंगर होता म्हणावे, तर तसेही नव्हते. माणसे चार, स्वयंपाक दोघींच्या हातचा. तरीही आपल्यातली वाचणारी मुलगी हळूहळू पाहुणी होत चालली आहे, आणि एक दिवस ती न सांगताच निघून जाईल, असे भय तिला वाटू लागले होते.

पहिला पाडवा जवळ आला. नवऱ्याने विचारले, "ओवाळणीत काय हवं?" ती म्हणाली, "ई-रीडर." साडीसाठी तयारी ठेवलेल्या त्या सज्जन माणसाने नुसती मान डोलावली आणि निवड तिच्यावर सोडली. आजवर प्रत्येक पुस्तक गुरुजींना विचारून घेतलेले, म्हणून ती त्यांना घेऊन दुकानात गेली.

दुकानदाराने तीन यंत्रे काचेवर मांडली आणि गुणगान आरंभिले. कुणात हजारो पुस्तके मावतात, कुणाचे चार्जिंग महिनाभर टिकते, कुणावर भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते. शिष्या शांतपणे ऐकत होती. मग त्याने तिसरे उचलले. "याला स्वतःचा उजेड आहे मॅडम, खोलीतला दिवा लावायला नको. पान उलटल्याचा आवाज नाही. आणि हे कव्हर बघा, अगदी पर्ससारखं. आत काय आहे, कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"हेच द्या," शिष्या म्हणाली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले. "कुठे बसून वाचणार?"

"कुठेही, गुरुजी! म्हणून तर घेते आहे."

"मग आज नको," गुरुजी म्हणाले.

"आजोबा, ऑफर पाडव्यापर्यंतच आहे हां," दुकानदार काहीसा दुखावून म्हणाला.

"पाडव्याला आठ दिवस आहेत," असे म्हणत गुरुजी शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि लाकडी चौकटीची एक छोटी पाटी व पेन्सिल घेऊन आले. आकार साधारण त्या यंत्राएवढाच. "आठ दिवस हेच तुझं यंत्र. वाचावंसं वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, हे हातात धरून बस. बसलीस की एक रेघ ओढ. आठव्या दिवशी मला आणून दाखव."

गुरुजी आता थकले, असे शिष्येच्या मनात आले. पण पाटी तिने घेतली.

रेघा मात्र भराभर पडू लागल्या. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर फडताळाच्या आडोशाला एक. गच्चीवर कपडे वाळत घालताना, टाकीच्या मागे दोन. न्हाणीघरात नळ सोडून एक. कुणाची चाहूल लागली की पाटी टॉवेलखाली जाई. चौथ्या दिवशी ती टॉवेलखालून घसरून सासऱ्यांच्या पायाशीच पडली.

"सूनबाई, बालवाडीत नाव घातलंय की काय?"

"नाही बाबा, ती... सामानाची यादी करायला आणली," ती पटकन बोलून गेली.

"बघा, ही पोर कागद वाचवते!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि तिच्या रेघांच्या शेजारीच त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'आलं, कोथिंबीर, भांड्यांचा साबण.'

आठव्या दिवशी पाटी गुरुजींसमोर आली. त्यांनी यादी वाचली, हसले, मग एकेका रेघेवर बोट ठेवून विचारू लागले, "ही कुठली?" ती सांगत गेली. फडताळाची, टाकीची, न्हाणीघराची.

"बाहेरच्या खोलीतली एकही नाही?"

शिष्येने नकारार्थी मान हलवली.

"घरात वाचायला बंदी आहे का?"

"नाही."

"कुणी टोकलं?"

"नाही, गुरुजी. निघताना मावशी म्हणाली होती, वर्षभर हातात पुस्तक दिसू देऊ नकोस. नव्या सुनेच्या हातात पुस्तक दिसलं की लोक म्हणतात, हिला काम नको. म्हणून पुस्तकं मी माहेरीच ठेवली."

तेव्हा गुरुजी म्हणाले, "दुकानात त्या माणसाने तुला दहा गुण सांगितले. तू त्यांतले तीन उचललेस. अंधारात चालतं, आवाज करत नाही, आणि बाहेरून कळत नाही. पोरी, हे वाचकाच्या कामाचे गुण नव्हेत, चोराच्या कामाचे आहेत. ज्यांनी तुला कधी अडवलं नाही, त्यांच्यापासून तू लपते आहेस. लपण्याचं साधन जितकं उत्तम मिळेल, तितकं लपणं लांबेल. यंत्र खुशाल घे, पण आधी बसायची जागा घे. ती कुठल्याही दुकानात मिळत नाही."

पाडव्याला तिने नवऱ्याबरोबर जाऊन त्या तीनांतले साधेसे यंत्र घेतले. दुकानदार आठवणीने म्हणाला, "आणि ते पर्ससारखं कव्हर?"

"कव्हर नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारचा चहा झाल्यावर ती बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, सर्वांना दिसेल अशी बसली. समोर सासूबाई मेथी निवडत होत्या. पहिले पान तिने तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्यातले काहीच तिला कळले नाही.

"काय गं आहे ते?"

"पुस्तक आहे, आई. वाचतेय."

मेथीवरचा हात थांबला.

"अगंबाई, वाचतेस होय तू?" सासूबाई म्हणाल्या. "लग्नाआधी तुझ्या आईनं सांगितलं होतं, पोरीला पुस्तकांचं वेड आहे म्हणून. मी कपाटाचा एक खण मोकळा करून ठेवला होता. तू आलीस ती एकही पुस्तक न घेता. म्हटलं, वेड गेलं असेल, किंवा आमच्याकडे आणायचं नसेल. कुठं विचारायचं? शेवटी तिथं डिनर सेट ठेवला."

पाच महिने ती त्याच खणातली ताटे काढत होती आणि ठेवत होती.

थोड्या वेळाने सासूबाईंनी हात पदराला पुसले, खुर्ची जरा जवळ ओढली आणि अगदी हलक्या आवाजात, कुणी ऐकू नये अशा बेताने विचारले, "अक्षर मोठं होतं का गं त्यात? चष्मा लावूनही मला हल्ली..."

तो हलका आवाज शिष्येच्या चांगल्या ओळखीचा होता.

"होतं की, आई," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, आणि तिने अक्षर मोठे केले.

त्या संध्याकाळी मेथी निवडायची राहिली. रात्री सर्वांनी पिठले-भात खाल्ला, आणि जेवणाआधी दोघींनी मिळून डिनर सेट माळ्यावर टाकला.