म्हादू अडलेली गाडी सुरू करतो

उंबरगावात म्हादू नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. गाडी दाजीसाहेबांची. दाजीसाहेबांना निवडणुकीचं तिकीट हवं होतं, म्हणून लग्न, बारसं, बाराव्याचं जेवण ते काही म्हणजे काही चुकवत नसत. गाडी मात्र जुनी, ऊठसूट अडायची. म्हादूचं एक बरं होतं. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथेच होता.

एका बारशाला निघताना गाडी सुरू होईना. म्हादूने काच पुसली, टायरला लाथ मारली, शेवटी हात जोडले.

"अरे गाढवा, टाकी कोरडी आहे!" दाजीसाहेब ओरडले. "गाडी अडली की आधी टाकी भरायची!"

"बरं, साहेब."

पुढे एका लग्नाहून परतताना गाडी पुन्हा अडली. म्हादू धावत जाऊन डबाभर पेट्रोल घेऊन आला. टाकी भरलेलीच होती. म्हादू ओतत राहिला. पेट्रोल उतू जाऊन शेजारी उभ्या दाजीसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आलं.

"अरे बैला, बॅटरी उतरलीय! अशा वेळी चार माणसं बोलवायची, मागून जोरात धक्का मारायचा. आणि एकदा सुरू झाली की लगेच बंद करायची नाही, नाहीतर परत अडते!"

"बरं, साहेब."

मग जत्रेत, देवळाच्या चढावर, गाडी तापून बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती. म्हादूने चार पैलवान बोलावले. गाडी थेट नारळवाल्याच्या दुकानात शिरली. नारळ उतारावरून गडगडत गेले आणि त्यांच्यामागे नारळवाला.

"अरे रेड्या, तापल्यावर धक्का मारतात? बॉनेट उघडायचं, गार पाणी ओतायचं!"

"बरं, साहेब."

अखेर तो मोठा दिवस आला. पक्षाचे जिल्हाध्यक्ष गावात सभेला आले. दाजीसाहेबांचं भाषण त्यांना आवडलं तर तिकीट नक्की होतं. दाजीसाहेब माइकसमोर उभे राहिले. शेजारच्या खुर्चीत अध्यक्ष बसलेले पाहून त्यांची बोबडीच वळली.

"बंधू आणि... बंधू आणि... बंधू आणि..."

मागे उभ्या असलेल्या म्हादूने कान टवकारले. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

बिचारा धावतच मांडवामागे सभेचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्याकडे गेला. "साहेब जेवलेत का?"

"अकरा पुरणपोळ्या!"

म्हणजे टाकी भरलेली होती. म्हादूने परत येऊन साहेबांची मान चाचपली. तापली होती, घामही फुटला होता. त्याने भराभर त्यांच्या जाकिटाची बटणं सोडली आणि अध्यक्षांसाठी ठेवलेला पाण्याचा जग त्यांच्या डोक्यावर रिकामा केला.

"बंधू आणि... बंधू आणि..."

आता उरली बॅटरी. म्हादूने चार कार्यकर्ते बोलावले.

दाजीसाहेब माइकसकट अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन पडले. आणि खरंच सुरू झाले! आधी म्हादूला शिव्या घातल्या, मग कार्यकर्त्यांना, मग डोळ्यांसमोर जो चेहरा होता त्याला. "आणि तू रे, टकल्या! तुझ्या मागे लाळ गाळत फिरून माझे जोडे झिजले! तुझ्या म्हशीच्या वाढदिवसालासुद्धा हार घेऊन आलो मी!"

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष लालबुंद झाले. दाजीसाहेबांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

म्हादूने झेप घेऊन ते हात ओढून काढले आणि माइक पुन्हा त्यांच्या तोंडाशी धरला.

"साहेब, लगेच बंद नका करू! परत अडाल!"