चिंचोक्यांची मैफल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही सांगता येत नसे. समुद्रकाठी एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक पियानो होता.

आता तुम्ही विचाराल, राजेरजवाड्यांच्या काळात पियानो कुठून आला? तर तो गलबतातून आला. सातासमुद्रापलीकडचा एक म्हातारा वादक वादळात वाट चुकून इथल्या बंदराला लागला आणि ते काळंभोर धूड त्याच्याबरोबर उतरलं. वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पोटात तारा. लोकांनी त्याला नाव दिलं ‘थोरली पेटी’ आणि ती राजवाड्यात ठेवली गेली. म्हातारा परत गेलाच नाही. डोळे मिटण्याआधी त्याने आपली सगळी विद्या इथल्याच एका मुलीला दिली. ती मुलगी मोठी झाली, मग म्हातारी झाली आणि सगळं गाव तिला नुसतं ‘बाई’ म्हणू लागलं. ही गोष्ट त्या बाईंची.

बाईंची शिकवायची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या शेजारी पितळेची एक वाटी आणि मूठभर चिंचोके ठेवायचे. बोट चुकलं की ज्याचं त्यानेच एक चिंचोका उचलून वाटीत टाकायचा. टण्ण! बाई तोंडाने काही बोलत नसत. धडा संपला की वाटीत किती जमले ते आपलं आपण बघायचं आणि चिंचोके परत डब्यात ओतायचे. ना ओरडा, ना मार. मुलं हसत हसत चुकत आणि हसत हसत सुधारत.

पण चांगल्या गोष्टीला दृष्ट लागायला वेळ लागत नाही.

एके दिवशी नगरशेठ धडा बघायला आले. त्यांना ती वाटी भारीच आवडली. वादन आवडलं का, ते काही बोलले नाहीत. पुढच्या पौर्णिमेला राजवाड्यात वादनाची बैठक होती. शेठ येताना घरून स्वतःची वाटी घेऊन आले, आणि वाजवणाऱ्याचं बोट जरा कुठे घसरलं की टण्ण! लोकांनी माना वळवून पाहिलं. वा, काय कान आहे शेठचा!

झालं. पुढच्या बैठकीला शास्त्रीबुवांनी काशाची वाटी आणली, कारण काशाची जास्त खणखणते. सरदारीणबाईंनी चांदीची आणली. बघता बघता अशी वेळ आली की ज्याच्याकडे वाटी नाही त्याला खांबाआड जागा. जो चिंचोका टाकत नाही तो बहिरा आणि जो उशिरा टाकतो तो कच्चा. म्हणून शेजाऱ्याने टाकला की आपणही टाकायचाच. आणि शेजाऱ्याच्या आधी टाकता आला तर मग काय विचारता! काही जण तर वाजवणारा पेटीपाशी बसायच्या आतच एक टाकून मोकळे होत. त्याच्या चालण्यात म्हणे लय नव्हती!

राजाही सोन्याची वाटी घेऊन बसे. बिचाऱ्याला संगीत मनापासून आवडायचं, पण नगरशेठकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बघत तोही चिंचोके टाकायचा. राजा झाला म्हणून काय झालं, अडाणी ठरायची भीती कुणाला नसते!

बरं, या मंडळींचं आपसात तरी पटत होतं का? नाव नको. शास्त्रीबुवा म्हणत, म्हातारा ही चीज अगदी संथ वाजवायचा. सरदारीणबाई म्हणत, छे, जलद. नगरशेठ सुस्कारा सोडून म्हणत, “मी प्रत्यक्ष ऐकलंय त्यांना. त्यानंतर ऐकण्यासारखं काही उरलंच नाही.” म्हातारा वारला तेव्हा शेठ पाळण्यात होते, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मात्र पेटीपाशी कुणी वाजवायला बसलं, की तिघांचं तात्काळ एकमत होई.

याचं व्हायचं तेच झालं. बाईंचा एक शिष्य बैठकीतून उठला तो थेट बंदरावर गेला आणि होड्यांवर ढोल वाजवू लागला. दुसरा लग्नात सनई धरू लागला. “बाई, तिथे निदान जेवायला वाढतात,” तो म्हणाला. तिसरी तर कुणी पेटीचं नाव काढलं तरी उठून जाऊ लागली. बाईंची स्वतःची बोटं आता वळत नव्हती. शेवटी एकच शिष्या उरली. ती म्हणजे तांबटाची मुलगी कालिंदी.

कालिंदीचा हात असा होता की म्हातारा असता तर त्याने तिला डोक्यावर घेतलं असतं. बाईंना आता दुसरी कसलीच इच्छा नव्हती. म्हाताऱ्याची विद्या या मुलीच्या हातात राहावी आणि तिच्या हातून पुढे जावी, एवढंच. पण एक दिवस कालिंदी पेटीपाशी आली आणि नुसतीच बसून राहिली.

“काय झालं गं?”

“बाई, गावात वाट्यांना मागणी केवढी आलीय माहीत आहे ना? बाबा दिवसभर वाट्या ठोकतात. प्रत्येक वाटीत चिंचोका टाकून बघतात, नाद बरोबर येतो का ते. मी भाकरी थापताना तेच ऐकते, झोपेतही तेच ऐकते. आता मी चुकले नाही तरी मला टण्ण ऐकू येतं.”

बाई तशाच उठल्या आणि नगरशेठच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“शेठ, ती वाटी शिकणाऱ्याची आहे. ऐकणाऱ्याची नाही.”

“पायंडा तुम्हीच पाडलात, बाई,” शेठ पानाला चुना लावत म्हणाले. “आम्ही तो मोठा केला. आम्ही आहोत म्हणून या गावात दर्जा टिकून आहे.”

“गेल्या बैठकीत कालिंदीने वाजवलेलं तुम्हाला आवडलं का?”

“आवडलं?” शेठना हसू आलं. “बाई, आवडतं ते अडाण्यांना. जाणकाराला फक्त कळतं.”

“काय कळलं?”

“हेच, की म्हाताऱ्याची सर नाही.”

बाईंना वाटलं, समोरचा चुन्याचा डबा उचलावा आणि यांच्या कानात ओतावा. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यापेक्षा ते बरं. पण त्या तशाच परतल्या.

त्याच सुमारास डोंगरातल्या राज्याची राणी राजाची पाहुणी म्हणून आली. तिने थोरल्या पेटीची कीर्ती ऐकली होती, पण पेटी कधी पाहिली नव्हती. राजाने दवंडी पिटवली, संध्याकाळी दरबारात वादन.

“एवढंच वाजव गं माझ्यासाठी,” बाई कालिंदीला म्हणाल्या. “पाहुण्यांसमोर तरी शरम बाळगतील ही माणसं.”

“वाजवते बाई. पण आज जर तेच झालं, तर या गावात मी पुन्हा झाकण उघडणार नाही.”

संध्याकाळी दरबार भरला. समया लागल्या. झाडून सारे जाणकार पुढे येऊन बसले. वाट्या तर इतक्या घासून आणल्या होत्या की दिव्यांनी लाजावं. शरमेचं म्हणाल, तर ती घरीच राहिली होती.

कालिंदीने म्हाताऱ्याची सगळ्यात लाडकी चीज सुरू केली. तिच्यात भरती-ओहोटीसारखं काहीतरी होतं. सूर चढत चढत जायचे आणि मग मध्येच सगळं थांबायचं. एक दीर्घ शांतता, आणि त्या शांततेतून एकच कोवळा सूर हळूच वर यायचा. बाई म्हणत, चीज त्या शांततेसाठीच लिहिली आहे, बाकीचं तिथवर पोचण्यासाठी.

आता जाणकारांचं गणित ऐका. सूर जोरात चालू असताना चिंचोका टाकला तर तो ऐकणार कोण? वाटी वाजवायची तर शांततेतच वाजवायला हवी. म्हणून चीज थांबली रे थांबली, की शेठ टण्ण! शास्त्रीबुवा टण्ण! सरदारीणबाई टण्ण टण्ण! मागून सगळा दरबार, गारा पडाव्यात तसा. कालिंदीचा कोवळा सूर त्या कल्लोळात कुठे बुडाला ते कळलंही नाही. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

वादन संपलं. पाहुणी राणी उठली. तिने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि ती पुढे चालू लागली. कालिंदी नमस्काराला वाकली होती. राणी तिच्या शेजारून तशीच पुढे गेली आणि तिने तो कंठा नगरशेठच्या गळ्यात घातला.

शेठ फुलून कोंबड्यासारखे ताठ झाले. अखेर कुणीतरी कदर केली!

“फार सुंदर वाजवलंत,” राणी म्हणाली. “तुम्ही आणि तुमच्या या सगळ्या साथीदारांनी. या वाट्यांचं वादन मी पहिल्यांदाच ऐकलं. पण एक विचारू का? मध्ये मध्ये ती मुलगी त्या पेटीवर काय करत होती? तुमच्यात फार व्यत्यय येत होता.”

राजा खोकला आणि त्याने आपली सोन्याची वाटी हळूच मांडीखाली सरकवली.

“महाराणी,” शेठ चाचरत म्हणाले, “वाजवणारी ती आहे. आम्ही नाही.”

“असं? आमच्या डोंगरात एकटं कुणी वाजवत नाही, सगळे मिळून वाजवतात. इथे एवढे लोक वाजवताना दिसले, म्हणून मला वाटलं, हेच वादक. मग तुम्ही काय करत होता?”

“आम्ही चुका दाखवत होतो.”

“एवढ्या चुका झाल्या? कोणत्या बरं?”

“फार घाईत वाजवलं,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“रेंगाळत वाजवलं,” सरदारीणबाई म्हणाल्या.

दोघे एकमेकांकडे डोळे वटारून पाहू लागले. राणीला हसू आलं नाही. तिने आणखी एकच विचारलं, “बरं, आणि जे चांगलं झालं, त्याला तुम्ही काय टाकता?”

इतकी वर्षं इतक्या वाट्या घडल्या, पितळेच्या, काशाच्या, चांदीच्या. पण चांगल्याला काय टाकायचं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

राणीने शेठच्या गळ्यातला कंठा काढून घेतला आणि ती पेटीपाशी गेली. “मुली, माझी चूक झाली. मी तुला ऐकलंच नाही. पुन्हा वाजवशील?”

कालिंदीने झाकण लावलं होतं. त्यावर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, “वाजवीन. पण इथे नाही.”

बाईंनी हे ऐकलं आणि त्यांना रडू कोसळलं. पोर खरं बोलत होती. हिला इथे थांबवलं तर विद्या मरणार होती आणि जाऊ दिलं तर आपल्या कानांना ती पुन्हा लाभणार नव्हती. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या सगळ्या दरबारादेखत म्हणाल्या, “राणीसाहेब, हिला घेऊन जा.”

राजाने मान खाली घातली. “वाजवणारीच चालली, तर पेटी ठेवून काय पूजा करायची? तीही न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीला गोधड्यांत गुंडाळून बैलगाडीवर चढवलं. वेशीपर्यंत बाई चालत आल्या.

“तुम्हीही चला ना, बाई,” कालिंदी त्यांचा हात सोडेना.

“हे गुडघे घाट चढायचे नाहीत गं.” बाईंनी कनवटीची जुनी पितळेची वाटी काढून तिच्या हातात दिली. “चुकशील, चुकायलाच हवं. पण ही वाटी तुझी तूच वाजव. दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. मी तेवढं सांभाळलं नाही.”

गाडी वळणाआड गेली, तरी बाई तिथेच उभ्या होत्या.

तुम्हाला वाटेल, जाणकारांना आता तरी शहाणपण आलं असेल. कसलं येतंय! सवयीने ते दर पौर्णिमेला जमत. पेटी होती त्या जागी फरशीवर तिच्या पायांचे वळ उरले होते, त्याभोवती बसत. वाजवायला कुणी नाही, मग करायचं काय? शेठ चिंचोका टाकत. त्यावर शास्त्रीबुवा म्हणत, “फार उंचावरून टाकलात,” आणि स्वतः एक टाकत. सरदारीणबाईंना तोही बेसूर वाटे. बाईंच्या घरापर्यंत तो आवाज येई आणि त्या उठून खिडकी लावून घेत.

पुढे एकदा डोंगरातला एक घोंगडीवाला बंदरावर आला. बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि भीत भीत विचारलं, “तुमच्याकडे एक मुलगी पेटी वाजवते. ऐकलंयस का रे?”

“म्हंजे काय! सांच्याला समदं गाव जमतंय. पोरं तिच्या पायाशी निजत्यात. तिच्या हाताखाली आता दुसरी पोरंबी शिकत्यात.”

“आणि ती मध्येच थांबते, तेव्हा?”

“तवा कुनी श्वासबी घेत न्हाई, आजी.”

“चुकते का रे कधी?”

घोंगडीवाल्याने डोकं खाजवलं. “ते काय ठावं न्हाई बा. माझं आपलं डोळं भरून येत्यात.”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. पलीकडे राजवाड्यात टण्ण टण्ण चालू होतं. तिकडे दूर डोंगरात त्यांची शांतता जिवंत होती, आणि ती ऐकायला त्यांना कधीच जाता येणार नव्हतं. त्यांनी घोंगडीवाल्याच्या हातावर गुळाचा आणखी एक खडा ठेवला आणि त्या म्हणाल्या, “पुन्हा सांग. ती थांबते, तेव्हा काय होतं?”

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जिथे चुका टिपणारे उदंड आणि दाद देणारं कुणीच नाही, तिथे शेवटी चुकायलाही कुणी उरत नाही.