सात घरांचे डोंगल

कालव्याकाठच्या एका गावात एक पाटकरी होते. भिकाजी आहेर त्यांचे नाव. गाव त्यांना आबा म्हणे. कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचे आणि कधी तोडायचे, हे पाटकऱ्याचे काम. आबांनी ते उभा जन्म केले. सरपंचाच्या उसालाही त्यांनी पाळीबाहेर पाणी दिले नाही. चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या पाटाच्या, शेवटाला ज्यांची शेते, त्यांच्या वाफ्यात पाणी पोचल्याशिवाय ते जेवायला घरी गेले नाहीत. याचा त्यांना अभिमान होता. तो खरा होता, म्हणून कोणाला खुपत नसे.

त्या दिवसांत मोबाईलवरचे इंटरनेट नवे नवे निघाले होते. टॉवर डोंगरापलीकडे, आणि गाव खोलगटात. गावात रेंज येत नसे. एकट्या आबांचे घर कालव्याच्या भरावाला लागून उंचावर होते. त्यांच्या ओट्यावर तेवढी रेंज येई.

नेटचा पॅक महाग होता. एका घराला झेपणारा नव्हता. मग सात घरांनी वर्गणी काढली. एक जुना लॅपटॉप घेतला आणि एक डोंगल घेतले. बोटाएवढी ती कांडी लॅपटॉपला खोचली की नेट चालू होई. वस्तू कोणाच्या घरी ठेवायची यावर वाद झाला नाही. रेंज आबांकडे होती आणि विश्वासही आबांवर होता.

डोंगल आणायला आबा स्वतः तालुक्याला गेले. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘अमर्याद’ लिहिले होते. खाली बारीक अक्षरांत वेगळेच काही होते. दुकानदाराने निदान तोंडाने तरी सांगितले.

“आबा, महिन्याला दोन जीबी मिळतात. ते संपलं की नेट रांगायला लागतं. आता कशानं किती जातं ते सांगतो...”

“राहू दे,” आबा म्हणाले. “मोजून द्यायचं मला शिकवू नको. उभ्या गावाला पाणी मोजून दिलंय मी.”

जीबी म्हणजे काय, हे आबांना ठाऊक नव्हते. विचारायला एक शब्द पुरला असता. तो त्यांच्या तोंडून निघाला नाही.

गावी येऊन त्यांनी पाळ्या लावल्या. सात घरे, सात वार. उन्हे कलली की ज्याची पाळी त्याने यायचे आणि तासभर बसायचे. तास भरला की आबा काठी आपटत.

“ऊठ. दारं बंद.”

“आबा, गाणं अर्ध्यात आहे की!” वामन म्हणे. तो गावातला गमत्या.

“राहिलेलं पुढच्या पाळीला भिजव.”

लोक हसत आणि उठत. आबांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

आता कालव्याची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. भरावातून थोडे पाणी नेहमी पाझरते. त्या पाझरावर पाटकऱ्याने चार वाफे भाजी करावी, हे सगळ्यांना मान्य असते. ते पाणी कोणाच्या पाळीतले नसते. ते वाहूनच जायचे असते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

आबांनी हीच रीत नेटला लावली. सकाळी गाव शेतावर जाई आणि डोंगल नुसते पडून राही. आबा तरुणपणी तालमीत घुमलेले. सुट्टीत आलेल्या नातवाने त्यांना नेटवर कुस्त्या लावायला शिकवले होते. न्याहारी झाली की आबा कुस्ती लावत. एक संपली की दुसरी लावत. आपण पाझराचे पाणी घेतो आहोत, असे त्यांना वाटे. त्यात कोणाचे काही कमी होत असेल, हे त्यांच्या मनातही आले नाही.

सातवे घर तान्हाबाई गुंजाळ यांचे. चारीच्या अगदी शेवटाला त्यांचे शेत. नवरा वारलेला, मुलगी एकच. ती प्रणिता बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. आपल्या पाळीला ती येई, कॉलेजांची माहिती वाचत बसे आणि तास भरायच्या आत उठे.

नर्सिंगचा फॉर्म नेटवरूनच भरायचा होता. त्याला जातीच्या दाखल्याचा नंबर लागत होता. दाखला पोस्टाने आला तो नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी. तोवर सकाळची एसटी निघून गेली होती. पण पाळी त्यांचीच होती, म्हणून मायलेकी निर्धास्त होत्या.

उन्हे कलताच प्रणिता ओट्यावर बसली. पडद्यावर एक चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. फॉर्मचे अर्धे पान उघडले आणि तिथेच अडकले.

“आबा, नेट रांगतंय. संपलंय बहुतेक.”

“संपेल कसं? महिना कुठं संपलाय?”

त्यावर तिला उत्तर देत बसायला वेळ नव्हता. मायलेकी डोंगर चढून हमरस्त्याला गेल्या. एका टेम्पोवाल्याने त्यांना घेतले. तालुक्याच्या नेट कॅफेत पोचल्या तेव्हा मुदत टळून गेली होती. फॉर्म बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सातही घरची माणसे ओट्यावर जमली. नेट आधीच संपले म्हणजे कोणीतरी जास्त वापरले, एवढे सगळ्यांना कळत होते. कोणी, ते ठरायचे होते.

“मी तर बाजारभाव बघून उठतो,” गंगाराम म्हणाला. त्याचे घर चारीच्या तोंडाशी. “ही पोरगी मात्र मान वर करत नाही. काय बघती देव जाणे.”

“सिनेमे बघत असंल,” कोणीतरी म्हणाले.

“मी वाचत होते,” प्रणिता म्हणाली.

“वाचून कधी काही आटतं व्हय गं?” गंगारामने विचारले.

सगळ्यांनी आबांकडे पाहिले. आबांनी काठी टेकवली. त्यांचा आवाज कालव्याच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेला.

“उभा जन्म मी चाऱ्या राखल्या. पाणी कोण चोरतं ते मला चेहऱ्यावर दिसतं. आजपासून गुंजाळांची पाळी बंद.”

तान्हाबाई उठल्या.

“आबा, तुम्ही असताना आमच्या वाफ्याला कधी पाणी कमी पडलं नाही. तुमच्या जागी दुसरा कोणी असता, तर आज मी त्याला बोलले असते.”

एवढे म्हणून त्या मुलीला घेऊन गेल्या.

नवा महिना लागला. आबा लॅपटॉप घेऊन तालुक्याला गेले आणि नवा पॅक टाकून आले. या खेपेला दुकानदाराने त्यांना काही समजावले नाही. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणून ठेवला. “उरलेलं किती ते इथं दिसेल,” एवढेच तो म्हणाला.

सकाळी आबांनी कुस्ती लावली. पैलवान एकमेकांना भिडले. आबांची नजर सहज कोपऱ्यात गेली. आकडा उतरत होता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. कुस्ती संपली तेव्हा आकडा बराच खाली आला होता. त्यांनी दुसरी कुस्ती लावली. या वेळी त्यांनी कुस्ती पाहिलीच नाही, फक्त आकडा पाहिला. मग प्रणिता उघडत असे तशी कॉलेजांची पाने उघडली. एक पान झाले, दुसरे झाले. आकडा जवळजवळ जागचा हलला नाही.

आबांनी लॅपटॉप मिटला. ओट्यावर दुसरे कोणी नव्हते. तरीही त्यांनी मान खाली घातली.

त्याच दिवशी ते बोलले असते तर बरे झाले असते. ते बोलले नाहीत. आज सांगू, उद्या सांगू, असे करत राहिले. कुस्त्या मात्र त्यांनी बंद केल्या. गावात पिठाच्या चक्कीवर प्रणिता दळण घेऊन आली की बायका म्हणत, “सरका गं, नेट पिणारी आली.” आबांच्या कानावर हे येई. ते ऐकून न ऐकल्यासारखे करत. एके दिवशी भरावावरून जाताना त्यांना प्रणिता दिसली. गंगारामच्या वावरात ती मजुरीने कांदे लावत होती. तिच्या वर्गातल्या मुली तेव्हा कॉलेजला जात होत्या. आबांनी वाट बदलली. ज्या भरावावर ते आयुष्यभर ताठ मानेने चालले, तिथून ते एका पोरीला चुकवून खाली उतरले.

शेवटी त्यांनी एक पळवाट काढली. वामनच्या हाती तान्हाबाईंना निरोप धाडला: झाले गेले माफ केले, पाळी पुन्हा चालू, मुलीला पाठवा.

निरोपाचे उत्तर घेऊन तान्हाबाई स्वतः आल्या. ओट्याची पायरी न चढता खालीच उभ्या राहिल्या.

“माफ केलं म्हणता, आबा? माफी चोराला असते. माझ्या पोरीनं काय चोरलं ते आधी सांगा, मग माफी घेऊन जाते.”

आणि त्या आल्या वाटेने परत गेल्या. तेव्हा मात्र आबांना घरात बसवेना. त्यांनी सातही घरांना बोलावणे धाडले.

माणसे जमली. मायलेकीही आल्या. आबा उभे राहिले.

“मागच्या महिन्याचं नेट मी संपवलं. सकाळी कुस्त्या बघत होतो. बघून काही जातं हे मला कळलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही. कळलं तेव्हा गप्प बसलो. पोरीनं काही केलं नाही.”

मग गंगाराम हसला.

“एवढंच व्हय, आबा? आम्ही म्हटलं काय झालं!”

“कोण चीत झालं तेवढं सांगा,” वामन म्हणाला. ओटा हसण्याने भरून गेला. कोणीतरी आत आवाज देऊन चहा ठेवायला सांगितले.

आबांचा चेहरा पडला. शिव्या खायची तयारी करून ते उभे राहिले होते. हसण्याची तयारी त्यांनी केली नव्हती.

“मी हिला चोर म्हणालो तेव्हा कोणी हसलं नव्हतं,” ते म्हणाले. “मग आता कशाला हसता?”

हसणे थांबले. तान्हाबाईंनी एकेकाकडे पाहिले.

“आबांचं तुम्ही हसून सोडलंत. सोडा. माझ्या पोरीला त्या दिवशी एकानं तरी विचारलं का, की बाई, खरं काय?”

गंगारामने जमिनीकडे पाहिले. वामनने पायात चपला घातल्या. चहा आला, तो तसाच निवत राहिला.

माणसे पांगली तेव्हा आबांनी डोंगल प्रणितापुढे धरले.

“पोरी, आजपासून पाळ्या तू लाव. तुला कळतं. माझ्या ओट्यावर रोज बस, हवा तितका वेळ बस.”

प्रणिताने डोंगल घेतले नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच आबांना सोसले नाही.

“नको, आबा. इथं रेंज येते. पण मला इथं बसवत नाही.”

पुढच्या वर्षी तिने तालुक्याला जाऊन फॉर्म भरला. तिला प्रवेश मिळाला. तिच्याबरोबरच्या मुली तेव्हा दुसऱ्या वर्षात होत्या.

तात्पर्य हे: ज्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवते, त्याने दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी स्वतःचा वापर तपासावा, आणि कळत नसेल ते विचारावे. मोठ्या माणसाची चूक लोक हसून सोडतात. तिची किंमत ज्याला कोणी विचारत नाही तो भरतो.