भोंग्याच्या यंत्राला अकरा शाली

"पुन्हा जळलं!" रणधवल महाराज गरजले. "भाषण ऐन रंगात, आणि धूर!"

भोंग्याला आवाज पुरवणारं अँप्लिफायर वर्षभरात चौथ्यांदा जळलं होतं. चौकशी समिती बसली, जेवली आणि अहवाल देऊन मोकळी झाली: यंत्र निर्दोष, भाषण निर्दोष, सबब दुरुस्ती करणारा केरबा मिस्त्री दोषी! केरबा कोठडीत गेला.

त्याची लेक हौसा तडक दरबारात येऊन उभी राहिली.

"उद्या भर दुपारी माझं तीन तासांचं भाषण आहे," महाराज म्हणाले. "यंत्र टिकलं, तर बाप सुटेल. धूर निघाला, तर जन्मभर आत!"

हौसानं यंत्र शोधलं. ते दिसेचना! भाषणाला टाळ्या पडल्या की सगळ्यांना शाल द्यायची, अशी दरबारची रीत. आवाज गावभर नेतं म्हणून यंत्रालाही दर वेळी एक. अशा अकरा जरीच्या शालींखाली ते घुसमटत होतं.

"दिवाणजी, आधी या शाली काढा. गरम हवा बाहेर जायची भोकंच बुजलीत."

"काढा?" दिवाण त्र्यंबकपंत किंचाळले. "अगं, सन्मान दिला जातो, काढला जात नाही! नियम सव्वीस!"

"मग पंखा लावते."

"पंख्यानं महाराजांचे कागद उडतात! नियम सत्तावीस!"

"मग भाषणच जरा आवरतं..."

"जीभ आवर!" महाराज कडाडले.

हौसानं जीभ आवरली. रातोरात नवा ट्रान्झिस्टर बसवला, कथिलाचे चार डाग देऊन तारा जोडल्या.

दुसऱ्या दिवशी चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. महाराज भोंग्यापुढे उभे राहिले, तोच हौसा ओरडली, "घात झाला, महाराज! यंत्राच्या अंगावर अकरा शाली आणि तुमच्या एक! लोक विचारतील, गादी कोणाची?"

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. "पंत! हा अपमान कोणाच्या सहीनं? अजून अकरा आणा! आत्ता!"

बारा शाली पांघरून महाराजांनी सुरुवात केली, "माझ्या लाडक्या प्रजाजनांनो..."

तिसऱ्या पानाला घाम फुटला. पाचव्याला पगडी कलली. शेजारी यंत्रातूनही करपल्यासारखा वास यायला लागला. आणि सातव्या पानावर भोंगा गावभर कडाडला, "काढा रे या शाली! जळतोय मी!"

"कशा काढणार, महाराज?" हौसा म्हणाली. "सन्मान आहे तो. नियम सव्वीस!"

"खड्ड्यात गेला नियम!"

"तुम्हाला तोंड आहे, महाराज, म्हणून सात पानांत ओरडलात. यंत्राला नाही. ते बिचारं धूर काढून अर्ज करतं, आणि तुम्ही अर्ज न वाचता माझ्या बापाला आत टाकता!"

पंतांनी डोळे मिटून घेतले. मग महाराज खदाखदा हसले. ते हसू भोंग्यातून वेशीपर्यंत गेलं, तरी यंत्र टिकलं! त्यांनी स्वतःच्या हातानं आधी स्वतःच्या बारा आणि मग यंत्राच्या अकरा शाली उतरवल्या.

"सोडा केरबाला! या तेवीस शाली पांघरून पंतांना दिवस मावळेपर्यंत उन्हात बसवा! आणि पोरी, तू माग, काय हवं ते माग!"

हौसानं महाराजांच्या हातातल्या जाडजूड गठ्ठ्याकडे पाहिलं.

"भाषणाची उरलेली पानं द्या, महाराज. सगळी."

महाराज पोट धरून हसले आणि त्यांनी गठ्ठा तिच्या ओंजळीत ठेवला. त्या दिवशी दरबारात पहिल्यांदाच कोणी इशारा न करता टाळ्या वाजल्या.