स्तंभावरची मोकळी जागा

भर बाजारातल्या हुतात्मा बागेचा वीस वर्षांत उकिरडा झाला होता. पेठेतल्या लोकांनी चार महिने राबून ती साफ केली, रोपं लावली. आता फक्त नळ हवा होता आणि त्यासाठी उद्यान समितीचे सभापती विश्वंभरराव गाडे यांची सही लागत होती.

गाडेसाहेब पाहणीला आले, तेव्हा शेवंताबाई पाथरवट बागेतल्या स्तंभावरची हुतात्म्यांची झिजलेली नावं छिन्नीने पुन्हा कोरत होत्या. साहेबांनी स्तंभ न्याहाळला.

"वर बरीच जागा आहे. तिथं माझं नाव घाला, चांगलं ठळक. मग सही करतो."

लोक पेचात पडले. नाही म्हणावं, तर पाण्यावाचून रोपं जळणार.

शेवंताबाईंनी पदराला हात पुसले. "घालते की. पुरं नाव सांगा."

"विश्वंभर नारायण गाडे."

बाईंनी खडूने नाव लिहिलं आणि विचारलं, "तारीख कुठली घालू?"

"कसली तारीख?"

"इथं नावापुढं गेल्याची तारीख असते साहेब. या अकरा जणांची आहे. तुमची ठरली नसेल, तर जागा सोडून ठेवते."

भोवतीच्या भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"आधी पुसा ते!" साहेब ओरडले. खडू पुरता पुसला जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग कुणीतरी पुढे केलेल्या अर्जावर त्यांनी मुकाट्याने सही केली.

आठवड्याभरात बागेत नळ आला.